चोळून न जाणारे डाग

आमच्या घरात तान्ह्या बाळाला न्हाऊ घालायचं काम माझं. तसं कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. माझ्या दोन मुलांपासून सुरुवात झाली, मग जावेची, मग नणंदेची, मग समोरच्या तेलुगू शेजारणीची जुळी, असं करत करत सोळा-सतरा बाळं माझ्या नडग्यांवर न्हाऊन मोठी झाली. न्हाणीत पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला पालथं घ्यायचं आणि तेल जिरेपर्यंत रगडायचं. बाळ किंचाळलं तर छाती मोकळी होते, असं मी बजावून सांगायचे. माझा हात जड आहे असं सगळ्याच म्हणायच्या, आणि मला ते कौतुक वाटायचं. शाळेच्या ऑफिसात टंकलेखन करून निवृत्त झाले तेव्हा बोटं दुखायची, पण बाळ दिसलं की दुखणं कुठल्या कुठे पळायचं.

नात तीन महिन्यांची होऊन करकंबहून, म्हणजे सुनेच्या माहेराहून, सोलापूरला आली. घरात आम्ही मुलगा, सून आणि मी. मुलगा कामाला रोज बार्शीला जाऊन-येऊन करायचा, सून कॉलेजात शिकवते, तेव्हा ती रजेवर होती. पहिल्याच दिवशी दुपटं सोडून बघते तर बाळाच्या पाठीवर आणि पोटावर तपकिरी डाग. मसुराच्या डाळीएवढे, कुठे एकटे, कुठे दोन-तीन जवळजवळ. विहीणबाईंनी फोनवर सांगितलं, "जन्मतः नव्हते बगा. दीड महिन्यानं दिसाय लागले. जातील की हळूहळू."

मला काय वाटलं ते स्पष्टच सांगते. मला वाटलं, करकंबात पोरीला नीट चोळलंच नाही. नुसतं पाणी ओतलंय. अंगाचा मळ अंगातच राहिला, त्याचे हे डाग. हे मी मनात ठेवलं असतं तर निदान शोभलं असतं. मी ते सुनेसमोर मोठ्यानं म्हणाले. ती बाळाची झबली घडी करत बसली.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. आधी तिळाचं तेल, मग डाळीचं पीठ, हळद आणि साय, मग कढत पाणी, मग धुरी. डागांवर जरा जास्तच हात. आणि एक गंमत माझ्या ध्यानात आली. डागावर अंगठा घासला की तो लाल व्हायचा, मग फुगायचा, डास चावल्यावर गांधी उठते तसा. बाजूची कातडी मात्र जशीच्या तशी. तासाभरानं पुन्हा बसायचा. सुनेनंही ते पाहिलं.

"आई, डाग फुगतात हो चोळल्यावर. जरा हळू घ्या ना."

"निघाय लागलेत, म्हनून वर यायलेत," मी म्हणाले. "आठ दिवस थांब. लई डाग काढलेत मी."

लई डाग काढलेत! एकाही बाळाचा डाग मी काढलेला नव्हता. कुणाला असा डागच नव्हता. पण बोलताना मला ते खरं वाटत होतं, आणि त्या खात्रीची आज मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

वीस-एक दिवस असेच गेले. डाग तसूभर कमी झाले नव्हते, उलट मांड्यांवर नवे दिसायला लागले होते. मला राग आला. कुणाचा ते कळत नव्हतं, पण आला. त्या दिवशी मी कपाटातून एक कोरा टॉवेल काढला, आपल्या इथल्या मागावरचा, न धुतलेला, खरखरीत. पीठ लावून झाल्यावर त्या टॉवेलचं टोक ओलं करून पाठीचे डाग घासले. बाळ रडलं, मी नेहमीसारखं "झालं, झालं" म्हणत राहिले. रडता रडता आवाज बारीक झाला. मला वाटलं, दमली, आता छान झोपेल.

उताणी केली तर पोर लालबुंद. नुसते डाग नाहीत, कपाळापासून पावलापर्यंत सगळं अंग. पाठीवर तर फोडच यायला लागलेले. तोंडातून दूध आलं, ते नाकातूनही आलं. आणि मग ती माझ्या पायांवर सैल पडली. मान एका बाजूला, ओठ पांढरे. मी तिच्या तळपायाला टिचक्या मारल्या, हाक मारली, काही नाही. सुनेला हाक मारायची होती, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज निघाला. तो ऐकूनच ती धावत आली.

रिक्षात सून गाऊनवरच बसली होती, मांडीवर बाळ, ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं. सात रस्ता चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी रिक्षावाल्याच्या पाठीत गुद्दा मारला. तो बिचारा सिग्नल तोडून निघाला. मुलांच्या दवाखान्यात बाळाला आत नेलं, मांडीत इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. काही वेळानं आतून रडणं ऐकू आलं. आयुष्यात बाळाचं रडणं इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. म्हणाल्या, "तीव्र ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया आहे. रक्तदाब एकदम खाली गेला होता. काय झालं होतं नेमकं? नवीन काही लावलं होतं? काही पाजलं होतं?"

सून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, "काय न्हाय. रोजच्यासारखी आंगोळ."

इतकंच. तेवढे चार शब्द. त्या वेळी मला बाळाची भीती वाटत होती हे खरं, पण त्याहून जास्त वाटत होती सुनेची. तिनं मला एकदा सांगितलं होतं, हळू घ्या म्हणून. आता खरं बोलले तर या घरात माझ्या हातात पुन्हा काही येणार नाही, असं मला वाटलं आणि मी गप्प बसले.

मग डॉक्टरीणबाईंनी सुनेला विचारायला सुरुवात केली. तुम्ही काय खाल्लं? अंगावर पाजता ना? दूध, अंडी, शेंगदाणे? सून आठवून आठवून सांगत होती. आदल्या रात्री तिनं भाकरीबरोबर शेंगाची चटणी खाल्ली होती, चांगली दोनदा वाढून घेतली होती. "तूर्त शेंगदाणे, दूध, सगळं बंद ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नक्की कळेपर्यंत." सून भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. "मीच खाल्लं," म्हणाली, "माझ्या जिभेपायी." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. फिरवला, आणि तरी बोलले नाही. याहून मोठी लाज मला आजवर कशाची वाटलेली नाही.

दोन दिवस असे गेले. सून नुसता भात आणि वरण खात होती. मुलगा रजा टाकून व्हरांड्यात फेऱ्या मारत होता. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होते. बाळाला कुणी उचललं की मी स्टुलावरून अर्धी उठायचे. मला माहीत होतं की चटणीचा काही संबंध नाही. म्हणजे डॉक्टरी भाषेत माहीत नव्हतं, पण हाताला माहीत होतं. अंगठ्याखाली तो डाग कसा तापायचा, कसा वर यायचा, ते वीस दिवस माझ्या बोटांनी पाहिलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक सिस्टर बाळाचं अंग पुसायला आली. चांगली बाई, हसतमुख. कोमट पाण्यात कपडा बुडवून तिनं पाठ पुसली आणि एका डागापाशी थांबली. तिला वाटलं काही चिकटलंय. तिनं कपड्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि घासायला गेली.

"चोळू नको!" मी ओरडले. सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं असेल. "चोळू नको गं, मरंल ती!"

सिस्टरचा हात हवेतच राहिला. सून उठून उभी राहिली. तिनं बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "तुम्हाला कसं माहीत, आई?"

मग मी सांगितलं. टॉवेलचं, डागांचं, त्या दिवशी किती घासलं त्याचं. सांगताना मला वाटलं होतं की ती ओरडेल. ती ओरडली नाही. डॉक्टरीणबाईंना बोलावून आणते, म्हणाली आणि गेली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या दुपारी त्वचेचे एक वयस्कर डॉक्टर आले. त्यांनी आइस्क्रीमच्या काडीसारखी एक लाकडी पट्टी घेतली आणि एकाच डागावरून, अगदी हलकेच, दोन-चार वेळा फिरवली. मग घड्याळाकडे बघत उभे राहिले. आम्ही सगळे त्या एवढ्याशा डागाकडे बघत होतो. तो लाल झाला. मग फुगला. "हेच," ते म्हणाले. नंतर कातडीचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला, रक्त पाठवलं, पण त्यांना त्या पट्टीनंच सांगितलेलं होतं.

त्यांनी मला समोर बसवून समजावलं, कारण प्रश्न मीच विचारत होते. म्हणाले, प्रत्येकाच्या कातडीखाली, श्वासाच्या वाटेवर, आतड्याच्या अस्तरात मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. जिथून बाहेरचं काही आत शिरू शकतं तिथे त्या दबा धरून असतात. त्यांच्या पोटात रसायनांच्या कणांची पोतडीच असते. जंतू आले, किडा चावला, विष शिरलं की त्या पोतडी फोडतात. त्यातल्या रसायनांनी रक्तवाहिन्या सैल होतात, पाझरतात, जागा लाल होते, सुजते, आणि लढणाऱ्या बाकीच्या पेशींना तिथे पोहोचायला वाट होते.

"म्हंजे चांगल्या हायत," मी म्हणाले.

"चांगल्याच आहेत. त्यांच्याशिवाय आपलं चालत नाही. पण हिच्या कातडीत त्या नको तेवढ्या जमल्यात. एकेक डाग म्हणजे त्यांचा घोळका. आणि त्यांना चोळलेलंही चालत नाही, कढत पाणीही चालत नाही. थोडं घासलं तर डाग फुगतो. खूप घासलं तर इतक्या पेशी एकदम फुटतात की अंगातल्या सगळ्याच रक्तवाहिन्या सैल पडतात. मग रक्तदाब कोसळतो."

मी विचारलं, "म्हंजे मी चोळलं नसतं तर?"

ते डॉक्टर खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. म्हणाले, "डाग असतेच, ते तुमच्यामुळे नाहीत. पण त्या दिवशीचं झालं नसतं." मग म्हणाले, "बहुतेक मुलांचं वयात येईपर्यंत आपोआप कमी होतं. तोवर सांभाळायचं."

सांभाळायचं. काय काय सांभाळायचं त्याचा कागदच त्यांनी दिला. चोळणं नाही, कढत पाणी नाही, एकदम गार पाणी नाही, काही वेदनाशामकं आणि खोकल्याची औषधं विचारल्याशिवाय नाहीत. आणि मधमाशी, गांधीलमाशी, मोठे मुंगळे यांच्यापासून जपायचं. तसं काही झालंच तर मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, लगेच, दवाखान्याची वाट न बघता. बाहेरच्या देशात त्याचं तयार पेन मिळतं म्हणे. आम्हाला काचेच्या कुप्या आणि सिरिंज मिळाल्या, आणि सिरिंजवर डॉक्टरांनी पेनानं खूण करून दिली. वजन वाढेल तशी खूण बदलायची.

घरी आल्यावर सून म्हणाली, "आई, आजपासून तिची आंघोळ मी घालणार." त्यात राग नव्हता. मी न्हाणीतला पाट उचलून माळ्यावर टाकला.

पण सुनेची रजा संपली, आणि दिवसभर घरात बाळाबरोबर कोण? मीच. ज्या बाईनं पोरीला मरणाच्या दारात नेलं होतं तिच्याच हाती पोर सोपवून माझी सून रोज सकाळी कॉलेजला जायची. दारात चपला घालताना ती एकदा तरी मागे वळून बघायची. मला कळायचं ती काय बघतेय.

कुपी फोडून सिरिंज भरायला तिनंच मला शिकवलं. मानेवर ठिपका असतो, तो समोर धरून मान मागे मोडायची. रिकाम्या कुप्यांवर सराव, आणि टोचायचा सराव वांग्यांवर. मंगळवारच्या बाजारातून चांगली जाड भरताची वांगी आणायची आणि दोघींनी स्वयंपाकघरात बसून त्यांना पाण्याची इंजेक्शनं द्यायची. संध्याकाळी त्याच वांग्यांचं भरीत. मुलगा म्हणायचा, "आज भरीत पाणचट लागतंय." आम्ही दोघी हसायचो. मग मी कुप्या-सिरिंजचा डबा बंद करून आतल्या गार खोलीत ठेवायचे आणि माझं हसू तिथंच संपायचं.

भीती म्हणजे काय ते मला त्या तीन वर्षांत कळलं. तोवर मी कशालाच भ्यायले नव्हते. आता गॅलरीच्या कोपऱ्यात गांधीलमाशीनं घरट्याचा एक ठिपका जरी लावला तरी मी झाडू घेऊन धावायचे. पोर धावली, घामानं डाग लाल झाले, की मी फॅनखाली बसवायचे. तिला मांडीवर घ्यायचे, पण हात तिच्या अंगावर ठेवायचे नाही, बाजूला गादीवर ठेवायचे. शेजारणी म्हणायच्या, नातीला जवळ घेत न्हाय व्हय हो? मी म्हणायचे, उकडतंय. सोलापुरात हे कारण बारा महिने चालतं. ती मात्र माझ्या गळ्यात पडायची, पाठीवर चढायची, माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवायची आणि म्हणायची, "आज्जी, थोपट." मी बोटांच्या टोकांनी हवेतच थोपटायचे. तिला वाटायचं थोपटलं.

ती साडेतीन वर्षांची होती. एप्रिलची भर दुपार, आम्ही दोघीच घरात. गॅलरीत जमिनीवर बसून ती कलिंगड खात होती, मी समोर. नळाशी वळून मी ताटली धुतली, तेवढाच वेळ. किंकाळी ऐकली. तिच्या मनगटाला गांधीलमाशी चिकटलेली. मी ती झटकली, चिरडली, आणि पोरीकडे पाहिलं. हात सुजायला लागला होता. ते मला अपेक्षित होतं. पण मग गळ्यावरून लाली वर चढली. कान लाल झाले. ती खोकली, पुन्हा खोकली, खाल्लेलं कलिंगड उलटून पडलं, आणि "आज्जी, पोटात..." म्हणत ती खाली बसली.

डबा आणायला आतल्या खोलीपर्यंत दहा पावलं. मला ती पावलं आठवत नाहीत. पहिली कुपी मी चुकीची मोडली, बोटात काच घुसली, औषध फरशीवर. दोनच कुप्या होत्या. दुसरी हातात धरली आणि माझ्या हातांकडे पाहिलं. याच हातांनी, मला वाटलं. याच हातांनी पुन्हा. ठिपका शोधला, समोर धरला, मोडली. सिरिंज खुणेपर्यंत भरली. पोर डोळे अर्धे मिटून माझ्याकडे बघत होती. सुई बघून तिनं मान हलवली. "नको, आज्जी. नको."

मी तिचा पाय गुडघ्यापाशी माझ्या मांडीखाली दाबून धरला. अंगावर हात ठेवायचा नाही, हे तीन वर्षं स्वतःला सांगत आले होते. सगळा जोर लावून दाबून धरला आणि चड्डीवरूनच मांडीत सुई घातली. वांगं वेगळं आणि हे वेगळं. ती किंचाळली, आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की ते डोळे मला दिसत राहतात. मी दट्ट्या शेवटपर्यंत दाबला.

मग तिला आडवं केलं, पायाखाली उशी दिली, सुनेला फोन लावला, शेजारणीला हाका मारल्या. रिक्षा येईपर्यंत मी तिच्या ओठांकडे बघत बसले. पांढरे होते. पांढरेच होते. मग कडेला जरासा गुलाबी रंग दिसला, की मला वाटलं दिसला, आणि ती रडायला लागली.

दवाखान्यात तेच वयस्कर डॉक्टर होते. म्हणाले, वेळेत दिलंत. सून कॉलेजमधून धावत आली होती, खांद्याची पर्स कुठे पडली तिलाही माहीत नव्हतं. तिनं माझ्या बोटाचं रक्त पाहिलं, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि तशीच बसून राहिली. मी रडले. मोठ्यानं, लोकांसमोर, लाज न बाळगता रडले.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. मी दार उघडून पुढे झाले आणि पोरीसाठी हात पसरले. ती आईच्या मागे गेली. ओढणी तोंडावर घेऊन, एक हात त्या मांडीवर घट्ट धरून उभी राहिली.

"आज्जी नको," म्हणाली. "आज्जी टोचते."

"विसरेल ती, आई," सून म्हणाली. तिच्या हातात नव्या कुप्यांची पिशवी होती. ती तिनं माझ्याकडे दिली. "ह्या तुमच्याकडेच ठेवा."

आठवडा झाला तरी ती माझ्याजवळ आली नाही. पाठीवर चढली नाही, थोपट म्हणाली नाही. मी खोलीत शिरले की खेळणं उचलून दुसऱ्या खोलीत जायची. एकदा मी तिच्यापासून चार हातांवर खाली बसले आणि तिला विचारलं, "मला भितीस व्हय गं?"

तिनं मान हलवली, हो.

"भी," मी म्हणाले. "मला भी. पर परत काय चावलं तर मी परत टोचीन बग. तू नको म्हनलीस तरी टोचीन."

ती रडायला लागली. मी उठले नाही, जवळ गेले नाही. तिथंच बसून तिचं रडणं ऐकत राहिले. चांगला खणखणीत आवाज होता.